क्योतोतलं काइसेकी: एवढे पैसे नक्की कशाचे?

केळफूल

जपान सहलीच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की क्योतोत एकदा तरी काइसेकी (ऋतूप्रमाणे एकामागून एक छोटे पदार्थ वाढलं जाणारं पारंपरिक जपानी जेवण) जेवावं म्हणतात, ते खरंच पैसेवसूल आहे का. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं वाढलं की रेल्वे पासाच्या चर्चेत घुसडणं बरं दिसेना. म्हणून वेगळा धागा.

मी ओसाकात राहते. नोकरीमुळे असं जेवण अधूनमधून घडतं, कधी पाहुण्यांना घेऊन, कधी पदरमोड करून. खाली लिहितेय ते मुख्यतः जुलैतल्या एका दुपारच्या जेवणाबद्दल. जागेचं नाव देत नाही. आठ खुर्च्यांचं दुकान आहे, आणि तसली दुकानं क्योतोत गल्लोगल्ली आहेत. त्या एकाच नावामागे लागण्यात अर्थ नाही.

आधी मत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांची सोय होईल. काइसेकीत पैसे मोजायचे ते एका वाडग्यातल्या सुपाचे. मासे, भांडी, फुलदाणी, बाहेर पाणी शिंपडलेली फरशी हे सगळं छानच असतं, पण तो वाडगा तुम्हाला आवडला नाही तर 'नऊ हजार रुपये देऊन पोट भरलं नाही' एवढंच आठवेल.

आता क्रमाने. बैठक काउंटरची. पलीकडे शेफ आणि दोन मदतनीस, अलीकडे आपण. असल्या जागेला काप्पो म्हणतात. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत बसवून एकेक पदार्थ आणून देणारी जुनी र्योतेई वेगळी. नवख्याने काप्पोतच जावं, कारण तिथे काम करणारे हात दिसतात, आणि भाषा येत नसली तरी बघत बसायला भरपूर असतं. मेनू कार्ड नाही. त्या दिवशी बाजारातून जे आलं ते.

सुरुवातीला काचेच्या पेल्यात जुनसाई आलं. ही तळ्यात वाढणारी वनस्पती. तिच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानाभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण असतं. चव जवळजवळ नाहीच. खायचं ते त्या गार, निसटत्या स्पर्शासाठी. माझ्यासोबतच्या पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग हास्सुन, म्हणजे साधारण चोवीस सेंटिमीटरच्या चौकोनी लाकडी तबकात डोंगरातले आणि समुद्रातले छोटे छोटे घास. फोटो सगळे याचेच काढतात. गंमत म्हणून ठीक आहे.

आणि मग तो वाडगा. लाकडी, आतून-बाहेरून उरुशी झाडाच्या चिकाचा रोगण दिलेला, झाकणाचा. झाकण अडकलं तर ओढू नका. आतली वाफ निवली की ते घट्ट बसतं. वाडग्याची कड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली की हवा शिरते आणि सुटतं. उघडल्यावर लगेच चमचा शोधू नका, कारण तो नसतोच. आधी वास घ्यायचा. मग दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचा. आत हामो मासा होता. बारीक काप दिलेला, कुझूच्या कंदाचं सत्त्व लावून उकळत्या पाण्यात घातलेला, त्यामुळे पांढऱ्या फुलासारखा उमललेला. वर उमे या आंबट फळाचा ठिपका. भोवती दाशी, म्हणजे या सुपाचा पाया असलेला पातळ रस.

पहिला घोट फिका लागतो, आणि तो तसाच लागायला हवा. मीठ असं बेतलेलं असतं की वाडगा संपत येताना चव पुरी व्हावी. पहिल्याच घोटाला 'वा' म्हणवणारं सूप शेवटी खारट होतं, हे तिथल्या शेफनेच सांगितलं. घरी सार करताना मी हे पडताळून पाहिलंय, खरं आहे.

दाशीत दोनच जिन्नस: होक्काइदोहून येणारी कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि कात्सुओबुशी, म्हणजे शिजवून, धुरी देऊन, महिनोनमहिने बुरशी चढवून लाकडासारखा टणक केलेला बोनिटो मासा. क्योतोतल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत रिशिरी बेटावरची कोंबू वापरतात, कारण तिचं पाणी नितळ उतरतं. ती साठ अंशांच्या आसपास तासभर ठेवायची, उकळू द्यायची नाही. उकळली की चिकट होते आणि समुद्राचा उग्र वास येतो. कोंबू काढून आच वाढवायची, ताज्या किसलेल्या कात्सुओबुशीचे पापुद्रे घालायचे आणि जवळजवळ लगेच गाळायचे. पिळायचं नाही. क्योतोचं पाणी मृदू आहे, त्याचाही यात हात असतो. तोक्योच्या बाजूच्या थोड्या जड पाण्यात कोंबूची चव तशी उतरत नाही असं आचारी सांगतात.

पुढे साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, मग आयु. हा नदीतला मासा जेमतेम वर्षभर जगतो, दगडांवरचं शेवाळ खातो, म्हणून त्याला काकडी-कलिंगडासारखा वास येतो. सळईवर असा नागमोडी ओवतात की पाण्यात पोहतोय असं वाटावं. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला, डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा खायचा, पोटातल्या कडूसकट. त्याच्यासोबत तादे नावाच्या तिखट पाल्याचं हिरवं व्हिनेगर. मग कामो वांगं, टरबुजासारखं गोल, मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, लावलेलं. आणि शेवटी मातीच्या भांड्यात कोवळ्या आल्याचा भात, लोणची, मिसो सूप. भांड्याचं झाकण उघडून आधी सगळ्यांना दाखवतात. भात पुन्हा मागता येतो आणि मागावाच. उरला तर बहुतेक ठिकाणी गोळे वळून बांधून देतात. 'पोट भरलं नाही' म्हणणारे लोक भाताच्या वेळी संकोचलेले असतात असं माझं निरीक्षण आहे. सगळ्यात शेवटी एक फोड पीच. तिच्याबद्दल दहा ओळी लिहू शकते, पण राहू दे.

दुपारचं हे जेवण १५,००० येनला पडलं, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. रात्री तिथेच दुप्पट. विचारा काय विचारायचं ते.

हिशेबनीस

वाचलं. छान लिहिलंय, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. आम्ही दोघे गेलो होतो, रात्री, माणशी २८,००० येन अधिक सेवाशुल्क. ऐकून होतो की सूप म्हणजे आत्मा वगैरे. मला ते मासे धुतलेलं कोमट पाणी वाटलं. प्रामाणिकपणे सांगतो, आजूबाजूचे डोळे मिटून 'आहा' करत होते म्हणून मीही केलं.

आता तुम्ही म्हणाल जीभ तयार नाही. मग जी चव कळायला आधी जीभ तयार करावी लागते, तिचे पैसे पहिल्याच वेळी पूर्ण का घ्यायचे? :)

आणि एक शंका. दाशीतली ती जी खास चव, तीच अजिनोमोटोत असते ना? मग घरी चिमूटभर टाकून काम भागतं की.

बांगडाफ्राय

हिशेबनीस, दंडवत. 'मासे धुतलेलं पाणी' वर हसून हसून मेलो.

केळफूल, हामो म्हणजे आपली वामच ना?

केळफूल

हो, त्याच कुळातली. तुम्ही कोकणातले असाल तर काटे सांगायला नकोत. तोच लांबोडका, दात विचकलेला प्राणी. क्योतो समुद्रापासून लांब; बर्फ नव्हता त्या काळात भर उन्हाळ्यात तिथपर्यंत जिवंत पोचणारा चिवट मासा म्हणजे हामो. म्हणून क्योतोतल्या गिओनच्या जुलैतल्या उत्सवाला हामोचा उत्सवही म्हणतात. बंदराजवळच्या लोकांना त्याचं एवढं अप्रूप नाही.

अजिनोमोटोचं उत्तर पाटावरवंटा देतील, त्यांना हाक मारतेय. ते ओसाकात जपानी स्वयंपाकघरात काम करून आलेत.

पाटावरवंटा

आलो. हॉटेल मॅनेजमेंटनंतर काही काळ ओसाकात एका काप्पोत उमेदवारी केली, बहुतेक वेळ भांडी आणि भाज्यांत गेला. त्यामुळे ऐकीव आणि पाहिलेलं दोन्ही मिसळून लिहितो.

हिशेबनीस, शंका रास्त आहे. इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली तोक्योत कोंबूतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी अजिनोमोटो बाजारात आलं. म्हणजे तुमच्या पुडीचा उगम खरंच दाशीत आहे. पण दाशी म्हणजे निव्वळ ग्लुटामेट नाही. कात्सुओबुशीत इनोसिनेट असतं, ते १९१३ मध्ये इकेदांच्याच शिष्याने, कोदामा शिनतारोंनी दाखवलं. ही दोन एकत्र आली की उमामीची चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. यालाही पावडर आहे, जपानमधल्या लाखो घरांत रोज तीच वापरतात, आणि त्यात कमीपणा नाही. मी सुद्धा पुण्यात तीच वापरतो.

पावडरीत नसतो तो वास. आमच्याकडे कात्सुओबुशी ऑर्डर सुरू झाल्यावर किसायचे, आधी नाही. किसलेल्या पापुद्र्याचा सुगंध काही मिनिटांत उतरतो. संध्याकाळी सहाला केलेली दाशी आठला वापरायची नाही असा दंडक होता. ती मग भाज्या शिजवायला जाई. म्हणजे हिशेब मांडायचा तर तुमच्या वाडग्यात जेवढी दाशी होती त्याच्या कितीतरी पट दिवसभरात केली गेली असते.

आता हामो. त्याचे काटे काढता येत नाहीत, मांसात रुतलेले असतात. म्हणून कातडी खाली ठेवून एका जाड, जड सुरीने काप देत जायचे: मांस आणि काटे कापले गेले पाहिजेत, कातडी नाही. तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस-पंचवीस काप हे प्रमाण धरतात. सुरीचा आवाज येतो, शर्र, शर्र, एका लयीत. लय चुकली की मुख्य आचारी मान वर करायचा. मला ती सुरी हातात कधी मिळाली नाही. माझ्यापेक्षा बरीच वर्षं आधी आलेल्या मुलाला नुकती मिळाली होती.

तर आठ खुर्च्या, एका वेळेला एकच पंगत, काउंटरमागे तिघे, भांडी घासायला एक, पहाटे बाजारात जाणारा वेगळा. माणशी २८,००० मध्ये मालक गबर होत नाही एवढं नक्की. चव आवडणं न आवडणं हा पुढचा भाग.

हिशेबनीस

पाटावरवंटा, हे पटलं. म्हणजे किंमत का आहे ते पटलं. मी ती द्यावी का, हे अजून नाही. 'खूप मेहनत घेतलीय' हे कारण मला कधीच पुरेसं वाटत नाही. वाईट कादंबरीलाही खूप मेहनत लागते.

पण तुमचा वासाचा मुद्दा डोक्यात राहील. मला त्या दिवशी सर्दी होती, हे बायकोने आत्ता आठवण करून दिलंय. तिला सूप आवडलं होतं म्हणे. तेव्हा बोलली नाही!

पाटावरवंटा

सर्दीत काइसेकी! राव, धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

शांतप्रवासी

खूप माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्योतोत आहोत. मी आणि नवरा सगळं खातो, पण आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि चातुर्मास संपेपर्यंत कांदा-लसूणही नाही. तिला बाहेर बसवून आपण जेवायचं हे पटत नाही. तिच्यासाठी 'मासे काढून द्या' असं सांगता येईल का?

केळफूल

शांतप्रवासी, तसं सांगू नका. मासे काढता येतात, दाशी काढता येत नाही. भाजी शिजवायला दाशी, वाटणात दाशी, सॉसमध्ये दाशी. काही शेफ आधी कळवलं तर नुसत्या कोंबूची आणि वाळलेल्या शिइताके मशरूमची दाशी करून देतात, पण पुष्कळ छोटी दुकानं सरळ नाही म्हणतात, आणि तो नकार प्रामाणिक असतो. आयत्या वेळी सांगितलं तर आठ जणांची पंगत खोळंबते.

आईंना घेऊन शोजिन र्योरी जेवा. झेन मठांतलं जेवण. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, आणि परंपरेने कांदा-लसूण वर्गातल्या पाच उग्र गोष्टीही वर्ज्य. आराशियामाच्या तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु म्हणून जागा आहे, तिथे लाल तबकांत वाढतात, तातामीवर रांगेत बसवतात. तीळ वाटून कुझूत घोटलेलं गोमादोफू, दुधाच्या सायीसारखी सोयाची युबा, गव्हाच्या चिकाचं फू. आईंचे गुडघे दुखत असतील तर बसण्याचं आधी विचारून घ्या.

आणि शोजिन म्हणजे काइसेकीला जोडलेलं शेपूट नव्हे. उलट आहे. मठातला स्वयंपाकी ही फार मोठी जबाबदारी मानली जाते. दोगेन या झेन आचार्यांनी १२३७ मध्ये खास मठाच्या आचाऱ्यासाठी ग्रंथ लिहिला, तांदूळ कसे धुवावेत इथपासून. चहाच्या विधीतलं जेवण आलं त्यामागेही या मठांचं वळण आहे.

निशिकासाईकर

केळफूल, शेवटच्या ओळीला धरून थोडी भर घालतो. मी तोक्योत असतो आणि बायको चहाच्या विधीच्या वर्गाला जाते, त्यामुळे कधीकधी मलाही पाहुणा म्हणून बसवतात.

हॉटेलांत जे मिळतं त्याचं मूळ चहाआधीच्या जेवणात आहे. सोळाव्या शतकातले चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या वळणाचा चहा घट्ट आणि कडक असतो, रिकाम्या पोटी घेतला तर कळ येते, म्हणून आधी थोडं खायचं. तिथला क्रम हॉटेलच्या उलटा. भात पहिल्यांदा येतो, नुकता वाफ जिरत असलेला, ओलसर, दोन घास. नंतर थोड्या वेळाने पुन्हा भात, आता जरा मुरलेला. शेवटी तळाशी लागलेल्या खरपूस भाताचं गरम पाणी येतं, त्याने आपापलं भांडं धुवून ते पाणी पिऊन टाकायचं. सगळे पाहुणे एकाच वेळी चॉपस्टिक्स तबकात टाकतात, 'टप्प' असा आवाज होतो, तो ऐकून पडद्याआडच्या यजमानाला कळतं की जेवण झालं. यजमान आत राहून वाढत असतो, आपल्यासोबत जेवत नाही.

हे एकदा पाहिलं की हॉटेलातल्या जेवणाचा बडेजाव जरा जास्तच वाटू लागतो. माझं मत केळफूलशी थोडं वेगळं आहे. सूप महत्त्वाचं, पण काउंटरवरच्या काइसेकीत आजकाल कॅविआर, वाग्यू हे जपानी गोमांस, उनी म्हणजे समुद्री अर्चिन यांचे ढीग यायला लागलेत, तो पैसा सुपाचा नाही. तो परदेशी पाहुण्यांना ओळखीचं काहीतरी देण्याचा आहे. गोमांस खात नसाल तर आरक्षणाच्या वेळीच सांगा, ते मध्येच न विचारता येतं.

केळफूल

वाग्यूबद्दल शंभर टक्के सहमत. ते आलं की मला आपण क्योतोत आहोत की दुबईत असा प्रश्न पडतो.

बांगडाफ्राय

मला एक कळलेलं नाही. 'ऋतूप्रमाणे जेवण' म्हणतात, पण जगात सगळीकडे लोक ऋतूप्रमाणेच जेवत होते की फ्रिज येईपर्यंत. यात जपानी काय?

निशिकासाईकर

बांगडाफ्राय, फरक आहे तो ऋतूच्या आत. एकाच जिन्नसाचे ते तीन काळ धरतात: हाशिरी म्हणजे नुकतं येऊ लागलेलं, मग शुन म्हणजे ऐन भर, आणि नागोरी म्हणजे जाता जाता. आंब्याचं घ्या. मार्चमधली पहिली पेटी आपण चवीसाठी घेत नाही, आंबा आला म्हणून घेतो. मेमध्ये खरा आंबा. आणि पाऊस पडून गेल्यावर कोणीतरी शेवटचे चार धाडतं, त्यांचं वेगळंच. काइसेकीत हे तिन्ही मुद्दाम एकाच जेवणात मांडतात. जुलैतल्या जेवणात एखादी गोष्ट जूनची निरोपाची असेल, एखादी ऑगस्टची चाहूल. शिवाय भांडी बदलतात: उन्हाळ्यात काच, बर्फ, कमळाचं पान, थंडीत जाड, खोलगट, हात शेकता येतील अशी मातीची. भिंतीवरचं लटकतं चित्र आणि फूलही महिन्याप्रमाणे.

ते सगळं कळलंच पाहिजे असं नाही. मला अर्धंअधिक बायको घरी आल्यावर सांगते.

ओल्या_नारळाची_वडी

सासूबाईंना घेऊन गेले होते, किकुनोई या जुन्या र्योतेईच्या रोआन नावाच्या काउंटरच्या शाखेत, दुपारी. मुख्य घर १९१२ पासूनचं, तिथे जायची आमची ऐपत आणि हिंमत दोन्ही नव्हती. सासूबाई सांगलीच्या, सत्तरीच्या, मासे खातात पण तिखटजाळ. मला धाकधूक होती. सुपाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "मीठ घालायचं राहिलंय, पण सांगू नकोस, चांगलं लागतंय."

ज्या पदार्थाला त्यांनी सगळ्यात जास्त दाद दिली ते होतं काकडीचं लोणचं. शेफला खुणेने विचारून दुसऱ्यांदा मागवलं.

एक विचारायचं होतं. वाडग्याचं झाकण खाल्ल्यावर उलटं ठेवायचं की सुलटं? मी उलटं ठेवलं आणि वाढणारीने काही न बोलता सुलटं केलं.

केळफूल

सुलटं, जसं आलं होतं तसंच परत वाडग्यावर. उलटं ठेवलं तर रोगणावर ओरखडे पडतात. त्याच कारणासाठी मोठ्या अंगठ्या, कडी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं, सांगितलं नसलं तरी. ते वाडगे बहुधा वाजिमाचे असतात, नोतो द्वीपकल्पावरचे. एकेका वाडग्यावर अनेक महिने थरावर थर चढवतात, आणि एकेक हात वेगळ्या कारागिराचा. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत वाजिमाचं फार नुकसान झालं, कितीतरी कार्यशाळा गेल्या. आमच्या त्या जुलैच्या शेफकडे वाजिमाचे जुने वाडगे होते, आणि तो ते मदतनिसाला धुवायला देत नव्हता, स्वतः धूत होता.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. लोणच्याची दाद ही खरी दाद.

हिशेबनीस

पुन्हा जायचं ठरतंय (बायकोच्या आग्रहाने, नोंद घ्यावी). यावेळी दुपारी, काउंटरवर, सर्दी नसताना. मिशेलिनचे तारे बघून निवडावं का? क्योतोत तर पावलोपावली तारे आहेत.

निशिकासाईकर

तारे बघून निवडलंत तर आरक्षणात जीव जाईल. क्योतो-ओसाकाची पहिली मिशेलिन पुस्तिका २००९ मध्ये आली, ही दुकानं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. नान्झेनजी मंदिराजवळचं ह्योतेई चारशे वर्षांवरचं. मंदिराकडे जाणाऱ्यांसाठी वाटेवरची चहाची टपरी होती ती. त्यांचं अर्धकच्च्या बलकाचं अंडं प्रसिद्ध आहे, आणि उन्हाळ्यात सकाळी ते भाताची पेज देतात, आसागायु. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी रात्रीच्या जेवणापेक्षा ती पेज सुचवेन. कमी पैशांत तेच घर, तीच बाग, आणि पेजेवर ओतायला दाशीचा दाट रस. हिशेबनीस, तुमच्या नावाला शोभेल.

हिशेबनीस

पेज! आता बोललात.

पाटावरवंटा

जाताना अत्तर लावू नका. कुणीही. आमच्या मुख्य आचाऱ्याने एकदा एका चांगल्या गिऱ्हाइकाला काउंटरच्या टोकाला हलवलं होतं, का ते त्याला कळलंच नाही. दाशीचा वास शेजारच्याच्या मनगटावरून येणाऱ्या वासात हरवतो, आणि शेजारचाही पैसे देऊन बसलेला असतो.

फोटोही विचारून. एक झटकन काढला तर कोणी काही म्हणत नाही. उभं राहून कोन शोधू नये. सूप निवतं.

शांतप्रवासी

आईचं शिगेत्सुचं ठरलं, धन्यवाद! आमच्या दोघांसाठी काप्पो बघतोय, त्या दुपारी आई बहिणीबरोबर फिरायला जाईल. नोव्हेंबरसाठी आरक्षण किती आधी आणि कसं करायचं? बेत ठरेपर्यंत दोन ठिकाणी करून ठेवलं तर चालेल का?

केळफूल

दोन ठिकाणी अजिबात नको. आठ खुर्च्यांतल्या दोन आयत्या वेळी रिकाम्या राहिल्या तर त्या दिवसाचा पाव धंदा जातो, मासे आधीच घेतलेले असतात. म्हणून बहुतेकजण कार्डाचा नंबर आधी घेतात आणि त्या दिवशी रद्द केलं तर पूर्ण पैसे कापतात. ते रास्तच आहे.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे लाल पानांची गर्दी सुरू होण्याची वेळ, शिवाय ६ नोव्हेंबरला जपानच्या समुद्रातल्या खेकड्याचा हंगाम उघडतो. दोन महिने आधी लागा. तुमचं हॉटेल बरं असेल तर तिथल्या मदतकक्षाला ईमेल करा, ते जपानीत फोन करतात आणि दुकानदारालाही तो दिलासा वाटतो. नाहीतर परदेशी पाहुण्यांसाठीची आरक्षणाची संकेतस्थळं आहेत, माणशी थोडं शुल्क घेतात. गिओनमधल्या काही जुन्या घरांत ओळखीशिवाय प्रवेश नाही, त्यांच्या नादी लागू नका. पूर्वी तिथे बिल नंतर घरी पाठवायची पद्धत होती, म्हणून ओळख लागायची.

कळवताना एकदाच, स्पष्ट कळवा: काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे. कच्चा मासा नको असेल तर आत्ताच. खेकडा चालतो ना? मात्सुताके मशरूम त्या सुमारास संपत आलेलं असतं, मिळालं तर नागोरी समजा. सेवाशुल्क दहा ते पंधरा टक्के आणि कर बिलात येतो, वेगळी टिप ठेवायची नाही. काही ठिकाणी फक्त रोख चालते, ते आधी विचारा. मोजे धड असू द्या, बुटं काढावी लागू शकतात.

आणि वेळेवर पोचा, पण अर्धा तास आधी नको. आत थांबायला जागाच नसते, आणि ओकामी, म्हणजे मालकीण, बिचारी काम सोडून तुमच्याशी बोलत उभी राहते.